नवऱ्याला हसू आलं नाही, मग माझा विनोद खोटा का?

ताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातली. वय ३४, दोन लेकरं, दोन एकर वावर, बचत गटाची सचिव. ८ मार्चला आमच्या गटांचा मेळावा होता. सूत्रसंचालनाच्या मॅडमला उशीर झाला, तर बायांनी माईक माझ्याच हातात दिला. "बोल वं काहीतरी, तू लय हासवतं." मी दहा मिनिटं बोलली. आमच्या संडासात नवऱ्यानं बैलांच्या चाऱ्याचं कुटार भरून ठेवलं ते, सरपंच बाई आहे पण खुर्चीवर तिचा नवरा बसते ते, माहेरी जायची परवानगी कशी मागावी लागते ते, पाळीच्या दिवसांचं थोडं, अन् सासूबाई गुडघेदुखीनं कशा चालतात ते करूनही दाखवलं. सासूबाई समोरच खुर्चीवर होत्या, त्यांना सतरंजीवर बसवत नाही. बाया डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कोणीतरी मोबाइलवर घेतलं अन् ते गावभर फिरलं.

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, पाळीचं बोलणं पांचट झालं. नवऱ्यानं सारा व्हिडिओ पाहिला अन् म्हणाला, "मले नाई आलं बा हासू. बायकाईले जमत नाई ते." हाच माणूस पोळ्याला तोरणाखाली यमक जुळवून झडत्या म्हणतो तर गाव लोटपोट होते. टीव्हीवर साडी नेसलेला माणूस दिसला की पोट धरून हासतो. आता यवतमाळला एका कार्यक्रमात स्टँडअपसाठी पाच मिनिटं बोलावलं आहे. जाऊ का? अन् ज्याच्यासोबत १४ वर्षं संसार केला त्यालाच हसू येत नसेल, तर मला विनोद जमतो असं कोणत्या तोंडानं म्हणू? (नाव छापू नका.)

*

जा, बाई. यवतमाळला जा. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल.

माझं माहेर दर्यापूरकडचं. लहानपणी मी मायसोबत निंदणाला जायची. आठ-दहा बाया पाती धरून बसलेल्या अन् मधोमध माझी मोठीमाय. त्या वर्षी पाणी साचून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडली होती. नुकसान पाहायला आलेला पटवारी गाडीवरून उतरलाच नाही, बांधावरूनच कागदावर काहीतरी लिहून निघून गेला. मोठीमायनं पऱ्हाटीची एक काडी कानामागे खोवली, पदराचं टोक नाकाला लावलं, खुरप्याच्या पात्यावर बोटानं लिहिल्यासारखं केलं अन् नाकातून म्हणाली, "हं. पीक उत्तम. चिखल जास्त." एकीच्या हातातलं खुरपं सुटलं. दुसरी डोक्याचा फडका तोंडात कोंबून हसत होती. तेवढ्यात बांधावर मालकाची पांढरी टोपी दिसली. मोठीमायनं कानामागची काडी काढली, मातीत खुपसली अन् मान खाली घालून गवत उपटायला लागली. मालकानं विचारलं, "काय चाललं व्हय खिदळणं?" कोणी तोंड उघडलं नाही.

तुझं पत्र वाचलं अन् मला ती काडी आठवली. समोर माईक, मोबाइल चालू, मंडपाच्या कडेला गावातली माणसं उभी असणारच, अन् तू बोलत राहिलीस. आपल्या बायांकडे विनोद पहिल्यापासून आहे. बांधापलीकडे तो आत्ता ऐकू जातो आहे.

हसवायच्या जागाच आपण वाटून ठेवल्या आहेत. भुलाबाईच्या गाण्यांत भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी सासू, नणंद, दीर साऱ्यांची रेवडी उडवतात. हळदीला विहिणीला चिडवणारी गाणी निघतात, ती भर चौकात म्हटली तर दोन घरं कायमची तुटतील. पण ती अंगणातली, बायाबायांतली, म्हणून कोणाला खुपत नाहीत. पोळ्याचं तोरण, चौक, रात्रीचा मांडव या जागा पुरुषांच्या. भंडारा-गोंदियाकडचं लोकनाट्य, खडीगंमत घे. तिथे साडी नेसून लचकणारा नाच्याही परंपरेनं पुरुषच. बाईवर हसायला बाई लागत नाही, तिची साडी पुरते. तुझा नवरा टीव्हीवर त्याच साडीला हसतो. लहानपणापासून बाईची नक्कल त्यानं पुरुषाकडूनच पाहिली आहे, तेव्हा त्याचा एकट्याचा दोष मी धरत नाही.

आणि अजून एक बघ. टीव्हीवरचा तो कलाकार बायको रंगवतो तेव्हा ती कोणाचीच बायको नसते. तू बोललीस तेव्हा बायको त्याची होती, घर त्याचं होतं, संडासातलं कुटार त्यानंच भरलेलं होतं. शेजारी बसलेल्यांना मोकळं हसता आलं, कारण बोट त्यांच्या घराकडे नव्हतं. त्याला हसू आलं नाही यावरून विनोद फसला असं ठरत नाही. मला तर उलट वाटतं की तो बरोबर जागी लागला.

"बायकाईले जमत नाई" हे वाक्य मात्र मी तसंच जाऊ देणार नाही. ते काही आपल्याच गावचं नाही. अमेरिकेत २००७ साली ख्रिस्तोफर हिचन्स नावाच्या नामवंत लेखकानं 'बायका विनोदी का नसतात' अशाच अर्थाच्या मथळ्याचा लेख एका बड्या मासिकात लिहिला अन् त्यावर कितीतरी वर्षं वाद होत राहिला. पुढे २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी १६ मुलगे अन् १६ मुलींना व्यंगचित्रांखाली मजेशीर ओळी लिहायला लावल्या. कोणती ओळ कोणाची हे न सांगता दुसऱ्यांकडून गुण देववले. मुलग्यांना जास्त मिळाले, पण किती? पाचांपैकी ०.११. अन् तो फरकही मुख्यतः पुरुषांनी दिलेल्या गुणांतून आला होता. मला सगळ्यात लागली ती पुढची गोष्ट: नंतर "ही ओळ कोणाची?" असं विचारल्यावर लोक चांगल्या ओळी पुरुषांच्या नावावर टाकत होते. म्हणजे बाईनं हसवलं तरी लक्षात राहताना ते पुरुषाचं होऊन राहतं.

तुला हे यवतमाळला भोगावं लागेल, म्हणून आधीच सांगते. पुरुषाचे पाच मिनिटं फसले तर लोक म्हणतात, याला जमलं नाही. बाईचे फसले तर म्हणतात, बायकांना जमत नाही. एका ओळीतलं बी उगवलं नाही म्हणून आपण अख्खं वावर पडीक म्हणतो का?

श्रेया बुगडे, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांना पाहून तुझ्या घरात कोणीच हसत नाही, असं मला वाटत नाही. भारती सिंग २००८ मध्ये टीव्हीच्या विनोदी स्पर्धेतून पुढे आली, ती अजून हसवते आहे. मुंबईची उरूज अश्फाक २०२३ साली एडिनबराच्या विनोद महोत्सवात सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार घेऊन आली. तेव्हा जमतं की नाही हा वाद संपलेला आहे. तुझी अडचण निराळी आहे. स्किटमध्ये पात्र असतं, लेखक असतो, सोबतीला चार माणसं असतात. स्टँडअपमध्ये तू "मी" म्हणतेस अन् समोरचे ते खरं धरतात. त्या एका "मी"मागे तुझं सारं घर उभं राहतं, त्याला विचारलेलं नसताना.

आता सासूबाई. इथे मी तुझ्या बाजूला नाही.

त्यांचे गुडघे कशानं गेले असतील? उकिडवं बसून निंदण करता करता, डोक्यावर पाणी वाहता वाहता. तू त्यांची चाल केलीस तेव्हा मांडवभर बाया हसल्या अन् त्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांना उठून जावंसं वाटलं असेल. पण उठल्या असत्या तर तीच चाल साऱ्यांनी पुन्हा पाहिली असती, या वेळी खरीखुरी. हे मनात आलं अन् मला पत्र खाली ठेवावं लागलं. तो तुकडा काढून टाक. शरीराच्या दुखण्यावर हशा मिळतो, फार सहज मिळतो, म्हणूनच तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. माफी माग. "गंमत होती" म्हणू नकोस, वाक्यात "पण" आणू नकोस. जवळ बसून, गुडघ्याला तेल लावता लावता सांग की चुकलं.

परवानगीचा विनोद मात्र ठेव. तो सासूबाईंवर आहे असं तुम्हा दोघींनाही वाटत असेल, पण तो त्यांच्यावर नाही. त्यांनाही माहेरी जायला कोणापुढे तरी उभं राहावं लागलंच होतं. बोलणं सुरू झालं की विचार, "तुमच्या वेळी कसं विचारत होते, माय?" मला खात्री आहे, तुझ्यापेक्षा भारी किस्सा त्यांच्याकडे निघेल. वापरायचा तर त्यांच्या होकारानं.

फिलिस डिलर नावाची एक अमेरिकन बाई होती. पाच लेकरांची आई. १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या क्लबात पहिल्यांदा उभी राहिली अन् पुढे कित्येक दशकं तिनं लोकांना हसवलं. तिच्या विनोदात 'फँग' नावाचा नवरा असायचा. हा फँग तिनं मनानं रचलेला होता. राग, वैताग, स्वयंपाकाचा घोळ, सारं ती त्या फँगच्या नावावर सांगायची. तूही एक आतेसासू तयार कर, जी तुमच्या नात्यात कुठेच नाही. गाव तरीही शोधत बसेल की ही कोण, पण घरातल्या कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.

सरपंच बाईंच्या बाबतीतही एवढंच जप. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या ५० टक्के जागा बायांसाठी आहेत, अन् तरी कितीतरी ठिकाणी खुर्चीत नवरा दिसतो. हे बोललंच पाहिजे. पण हशा खुर्चीत बसलेल्या नवऱ्यावर पडतो की चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सरपंच बाईवर, हे एका शब्दानं पलटतं. घरी मोठ्यानं म्हणून पाहा.

कुटाराचा तुकडा मला सगळ्यात आवडला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हेच करत. आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनाला उभे राहून आपल्या वऱ्हाडीत लोकांनाच प्रश्न विचारायचे. लोक हसत हसत उत्तर द्यायचे अन् आपल्याच उत्तरात अडकायचे. संडास, घाण, कर्ज, नवस यांवर विदर्भात हसत हसत बोलण्याची वाट त्यांनी घालून दिली आहे. त्या वाटेवर बाईनं पाय ठेवला तर कोणाचं काय बिघडतं?

फक्त वाक्याची मांडणी बदल. तू पत्रात लिहिलंस तसंच बोलली असशील तर "संडासात कुटार भरून ठेवलं" हे पहिल्या वाक्यातच सांडलं. हशा ज्या शब्दात आहे तो शेवटी येऊ दे. असं म्हणून बघ: "सरकारनं संडासाले बारा हजार देल्ले. दार लावलं, रंग मारला, फोटो काहाडला. तवापासून त्यात एकच जण बसून हाये. कुटार." अन् मग गप्प राहा. हशा उतरेपर्यंत पुढचं बोलू नकोस, कितीही वाटलं तरी. यवतमाळात कुटार सगळ्यांना कळेल. पुण्यात सांगायची वेळ आली तर आधी बैल आणावा लागेल.

हीच कला तुझ्या नवऱ्याकडे आहे, अन् म्हणून मला त्याच्याबद्दल आशा वाटते. पोळ्याच्या तोरणाखाली तो कसा थांबतो ते आठव. तीन ओळी भराभर म्हणतो, चौथीच्या शेवटच्या शब्दाआधी श्वास घेतो, सारं गाव श्वास धरून उभं राहतं, शब्द पडतो अन् मग "हर बोला, हर हर महादेव"चा गजर. त्याला प्रेक्षक म्हणून बसवून "आलं का हसू?" असं पुन्हा विचारू नकोस. झडतीवाला म्हणून विचार: "या जागी किती थांबू?" परवानगीचा प्रश्न नाही हा. जायचं आहे हे तू सांगायचं, अन् थांबायचं किती हे त्याला विचारायचं. तो उत्तर देईल असं मला वाटतं, कारण आपल्या हातची कला कोणी विचारली तर माणसाला गप्प बसवत नाही.

एवढं करूनही त्याला हसू येणार नाही, असंही होईल. होऊ दे. १४ वर्षांत तुम्ही दोघं मिळून कशाला तरी हसला असालच, लेकरांच्या बोबड्या बोलण्याला, एखाद्या लग्नातल्या फजितीला. ते जपून ठेव. नवऱ्यानं तुझ्या प्रत्येक विनोदाला हसावं ही अट घातलीस तर घरही दुखेल अन् विनोदही. त्यानं आडवं येऊ नये, एवढीच अपेक्षा धर. अन् तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी विचारून ठेवते: या कारणावरून घरात हात उचलला जात असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर अन् मला लगेच लिही. मग माझं उत्तर वेगळं असेल.

मॅडमला पाळीचं बोलणं पांचट वाटलं. वाटू शकतं. तू नेमकं काय म्हणालीस ते पत्रात नाही, म्हणून मी निवाडा करत नाही. विषय पांचट नाही, एवढं मात्र नक्की. बाई आहे म्हणून प्रत्येक बाईला तुझं बोलणं आवडेल असं समजू नकोस. मला स्वतःला शिव्या देऊन हशा घेणारी कॉमेडी बघवत नाही, करणारी बाई असली तरी. माझी भाची तीच आवडीनं पाहते. खवचट, मिश्कील, चावट, आंबट, फाजील, पांचट: आपल्याच भाषेत हसण्याच्या इतक्या चवी आहेत, अन् एकीला जे चावट म्हणून गोड लागतं ते दुसरीला पांचट म्हणून कडू लागतं. मॅडमना एकदाच विचार की कोणतं वाक्य खटकलं. एक वाक्य असेल तर ते तपास. सारा विषयच खटकला असेल तर नमस्कार करून पुढे जा. त्या तुझ्या श्रोत्या नाहीत, अन् त्यात त्यांचाही अपमान नाही, तुझाही नाही.

आता कामाचं. पाच मिनिटं म्हणजे फार कमी, तीन विषय पुष्कळ झाले. लिहून काढ, मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं म्हण, अन् गटातल्या दोघी-तिघींना वावरात ऐकव. वऱ्हाडीतच बोल. टीव्हीनं लोकांना आपल्या बोलीच्या हेलालाच हसायची सवय लावली आहे, तेव्हा हेलावर हशा आला तर त्यावर समाधान मानू नकोस, शब्दावर येईपर्यंत तुकडा घासत राहा. आयोजकांना आधीच विचार की व्हिडिओ काढणार का, अन् तू पाहिल्याशिवाय कुठे टाकायचा नाही हे कबूल करून घे. परतीची शेवटची एसटी किती वाजता ते पाहून तुझी वेळ आधीची मागून घे. गटातली सगळ्यात मोकळं हसणारी बाई सोबत ने अन् तिला तुझ्या नजरेसमोर बसव.

सुरुवात कुटारानं कर, मधे सरपंचाची खुर्ची, शेवट परवानगीनं. सासूबाईंनाही एकदा "चालता का?" म्हणून विचार. हो म्हणाल्या तर आयोजकांकडून त्यांच्यासाठी हात असलेली खुर्ची मागून घे, कारण बिनहाताच्या खुर्चीतून गुडघे दुखणाऱ्याला आपलं आपण उठता येत नाही.